बारा घरांचे मंडळ आणि एक वही

अंधेरी पूर्वेच्या जुन्या नागरदास रोडपासून जे. बी. नगरपर्यंत आणि पश्चिमेच्या सात बंगल्यापासून लोखंडवाला संकुलापर्यंत अशी सोसायटी विरळाच, जिच्यातील एखाद्या घरातून खाखरा, पापड, मसाले, मुखवास, साड्या किंवा स्वयंपाकघरातील डबे विकले जात नाहीत. दारावर पाटी नसते, काउंटर नसतो. पण दुपारी तीननंतर जिन्यावर चपलांचे जोड वाढू लागले की जाणकारांनी ओळखावे, आत व्यापार चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांना भाव, भांडवल आणि उधारी हे शब्द शिकवावे लागत नाहीत. तरीही या घरगुती व्यवसायांना एक अडचण सर्वत्र सारखीच भेडसावते. पर्युषणापूर्वी, दिवाळीला आणि लग्नसराईत मागणी इतकी येते की हात पुरत नाहीत. मधल्या महिन्यांत मात्र पोळपाट रिकामा आणि आणलेले पीठ डब्यात पडून.

यावर अलीकडे अनेक घरांनी स्वीकारलेला उपाय म्हणजे नियमित ग्राहकांचे मासिक मंडळ. ठरावीक ग्राहकांनी वर्षभर दर महिन्याला किमान ठरावीक रकमेची खरेदी करावी आणि त्या नियमितपणाच्या बदल्यात विक्रेतीने त्यांना काही खास सवलत द्यावी, एवढीच मूळ कल्पना. ती साधी आहे, उपयुक्त आहे, आणि नीट न चालवल्यास बारा घरांशी असलेला जन्माचा संबंध बिघडवण्यास पुरेशीही आहे. म्हणून तिचा हिशेब मांडून पाहणे आवश्यक ठरते.

कल्पना जुनीच आहे

गिऱ्हाइकाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा द्यावा, हा विचार १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी अठ्ठावीस विणकर-कारागिरांनी उघडलेल्या दुकानातून जगभर पसरला. शुद्ध माल, अचूक वजन आणि खरेदीनुसार परतावा, या तीन गोष्टींवर ते दुकान उभे राहिले आणि पुढे सहकारी ग्राहक चळवळीचा पाया ठरले. भेटीचे आमिष त्यांनी दाखवले नव्हते. ज्याने जितके घेतले, त्याला तितक्या प्रमाणात परत, एवढाच नियम होता.

आपल्या शेजारी विलेपार्ले पश्चिमेला मुख्यालय असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून याच विचाराला मुंबईच्या घरांत आणले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका सदस्याच्या घरी उतरवून घ्यायचा आणि सर्वांनी मिळून त्याचे वाटप करायचे. येथे मंडळ ग्राहकांचे आहे, विक्रेत्याचे नाही. हा फरक मोठा आहे. पण महिन्याची मागणी आधी कळली तर माल वाया जात नाही, साठा अडकत नाही आणि भाव कमी ठेवता येतो, हे व्यापारी तत्त्व तेथेही तेच आहे.

तिसरे उदाहरण परदेशी कंपनीचे. प्लॅस्टिकच्या डब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या टपरवेअरने १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दुकानांतील विक्री थांबवून केवळ घरगुती बैठकांतून विक्री करण्याचा मार्ग धरला. ब्राउनी वाइज या महिलेने तो मार्ग रुळवला. ज्या गृहिणीच्या घरी बैठक भरे, तिला यजमानीण म्हणून खास भेट मिळे. १९९६ मध्ये ही कंपनी भारतात आली, तेव्हा मुंबईच्या बायकांना त्यात नवे काहीच वाटले नाही. भिशीच्या निमित्ताने एकमेकींच्या घरी जमण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीविषयक कायद्याचे संरक्षण मागितले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. बैठकीचा उत्साह धंदा सुरू करून देतो. तो टिकवण्याची जबाबदारी मालावर आणि हिशेबावर असते.

आणि अगदी घरचे उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमशी पारेख, म्हणजेच छगनबापा, यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला असे सांगितले जाते. मालाचा दर्जा कधीही उतरू द्यायचा नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. पुढचा सारा विस्तार या दोन आग्रहांवर उभा आहे.

भिशी आणि मंडळ यांतील फरक

उदाहरणादाखल अंधेरीतील एका गृहिणीची कल्पना करावी. तिला इमारतीतील सर्वजणी भाभी म्हणतात. खाखरा, मसाले आणि मुखवास हा तिचा घरगुती व्यवसाय. तिने बारा ग्राहक भगिनींचे मंडळ केले. प्रत्येकीने दरमहा १,००० रुपयांचा माल घ्यायचा आणि दर महिन्याला एकीला १,००० रुपयांचा माल अधिक मिळायचा. ऐकणाऱ्या प्रत्येकीची पहिली प्रतिक्रिया एकच असते, “म्हणजे भिशीच ना भाभी?”

उत्तर ठामपणे ‘नाही’ असेच असले पाहिजे. भिशीत प्रत्येकजण वर्गणी देते, वर्गणीची गोळा झालेली रक्कम एकीला मिळते, आणि बाकीच्या आपापल्या पाळीची वाट पाहतात. म्हणजे भिशीत पैशाचा मोबदला पैसा असतो आणि तो नंतर मिळतो. ग्राहक-मंडळात पैशाचा मोबदला माल असतो आणि तो त्याच महिन्यात, पूर्ण किमतीचा मिळाला पाहिजे. कुणाचाही एक रुपया दुसरीच्या भेटीसाठी बाजूला काढलेला नसावा. अधिकचा माल जातो तो विक्रेतीच्या स्वतःच्या नफ्यातून, सवलत म्हणून.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९७८ च्या बक्षीस चिट व पैसा फिरवण्याच्या योजना बंदी कायद्याने, हप्त्याने किंवा वर्गणीने पैसे गोळा करून त्यातून ठरावीक सदस्यांना बक्षिसे देण्याच्या योजनांवर बंदी घातली आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ मध्ये अशा योजनांचे धोके दाखवून दिल्यानंतर हा कायदा झाला. त्यातील व्याख्या चिठ्ठी किंवा सोडतीपुरती मर्यादित नाही. अन्य कोणत्याही रीतीने विजेता ठरवला तरी ती लागू होऊ शकते. म्हणून ‘आम्ही चिठ्ठी काढत नाही, पाळी लावतो’ एवढ्याने सुटका होईल असे समजू नये. वर्गणी गोळा होऊन तिचा निधी बनत नाही आणि प्रत्येक रुपयाचा माल त्याच महिन्यात पोहोचतो, हीच खरी सुरक्षितता होय.

सोडतीपासून तर दूरच राहावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ चालवणे हे अनुचित व्यापारी प्रथांत मोडते. दिवाळीत वाटीतून चिठ्ठी उचलण्याची मौज निराळी आणि गिऱ्हाईक जोडण्यासाठी ‘लकी ड्रॉ’ जाहीर करणे निराळे.

त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद घरगुती विक्रेत्यांना सहसा ठाऊक नसते. ज्या वस्तूची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल केलेली आहे, ती मोफत दिल्याचा आभास निर्माण करणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. १२० रुपयांचा खाखऱ्याचा पुडा आधी १३० रुपयांना करायचा आणि मग भेट जाहीर करायची, हा मार्ग अनेकांना चतुराईचा वाटतो. कायद्याला तो तसा वाटत नाही. भाव मंडळातील आणि मंडळाबाहेरील ग्राहकांना एकच असावा, आणि मंडळाच्या लाभाला ‘मोफत भेट’ न म्हणता ‘सवलत’ म्हणावे.

आकड्यांचा हिशेब

आता भाभींच्या मंडळाचे आकडे मांडून पाहावेत. बारा ग्राहक, प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे महिन्याची विक्री १२,००० रुपये. पीठ, तेल, मसाला, गॅस आणि मदतनीस बाईचा पगार मिळून मालाचा खर्च शेकडा ७० धरला तर तो ८,४०० रुपये होतो. उरले ३,६००. पुड्या, डबे आणि घरपोच पोहोचवणे यांसाठी ९०० रुपये वजा केले की २,७०० रुपये राहतात, म्हणजे प्रत्येक सदस्यामागे २२५ रुपये. ज्या सदस्येची पाळी असेल तिला १,००० रुपयांचा अधिक माल द्यायचा, त्याचा खर्च ७०० रुपये. म्हणजे हाती २,००० रुपये. वर्षाचे २४,००० रुपये. ही रक्कम फार मोठी नाही, पण ती निश्चित आहे, आणि निश्चित मागणीमुळे घाऊक बाजारातून पीठ-मसाला योग्य वेळी, योग्य भावाने घेता येतो. तो लाभ यात धरलेलाही नाही.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर वर्षाकाठी १२,००० रुपयांच्या खरेदीवर १,००० रुपयांचा माल अधिक, म्हणजे शेकडा आठ रुपये तेहेतीस पैसे सवलत. हा आकडा सदस्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावा. व्यापारी घरातील स्त्री हा हिशेब मनातल्या मनात करतेच. तो आपणहून सांगितला तर विश्वास वाढतो.

यातील कच्चा दुवा पाळीच्या क्रमात आहे. समजा पहिल्याच महिन्यात एकीला लाभ मिळाला आणि दोन महिन्यांनी तिने मंडळ सोडले. तिच्याकडून आलेला वाढावा दोन महिन्यांचा, म्हणजे ४५० रुपये. तिला दिलेल्या लाभाचा खर्च ७०० रुपये. २५० रुपयांचा तोटा झाला, आणि उरलेल्या अकरा जणींना वाटले की आधी घेणारी शहाणी ठरली. पैशांपेक्षा ही दुसरी हानी अधिक.

यावर साधा नियम करता येतो. चार महिने सलग खरेदी झाल्याशिवाय कुणाचीही पाळी लागणार नाही. चार महिन्यांचा वाढावा ९०० रुपये होतो, म्हणजे लाभाचा खर्च आधीच भरून निघालेला असतो. मग पाचव्या ते बाराव्या महिन्यांत बारा पाळ्या बसवायच्या, त्यासाठी चार महिन्यांत प्रत्येकी दोन आणि उरलेल्या चार महिन्यांत प्रत्येकी एक अशी मांडणी करावी. पहिल्या चार महिन्यांत पाळी नसल्याने दरमहा वाचणारे ७०० रुपये विक्रेतीने आपल्या कमाईतून बाजूला ठेवावेत. दोन पाळ्यांच्या चार महिन्यांत तेच उपयोगी पडतात. अशा रीतीने तिची मासिक प्राप्ती बारा महिने २,००० रुपयेच राहते, कुठल्याही महिन्यात ओढाताण होत नाही. बँकेच्या भाषेत याला तरतूद म्हणतात. घराच्या भाषेत, पुढच्या खर्चाची आठवण.

पाळीचा क्रम पहिल्याच दिवशी लिहून सर्वांना द्यावा. “भाभी, माझा नंबर आधी लावा ना, नणंदेच्या घरी लग्न आहे,” अशी विनंती येणारच. दोन सदस्यांनी आपसांत पाळी बदलून घेतली तर हरकत नाही, परंतु विक्रेतीने स्वतःहून कुणाला पुढे-मागे करू नये. एकीला केलेला उपकार उरलेल्या अकरा जणींच्या लक्षात राहतो.

याहून सोपी रीतही आहे. पाळी हा प्रकारच न ठेवता, ज्या सदस्येने अकरा महिने सलग खरेदी केली तिला बाराव्या महिन्याच्या मालावर सवलत द्यावी. यात मौज थोडी कमी, पण भांडण जवळजवळ नाहीच. मंडळाचा आकार वाढला तर हीच रीत बरी. आणि उलाढाल मोठी होऊ लागली की योजनेचा कागद आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला एकदा दाखवून घेण्यात कमीपणा मानू नये.

आगाऊ घेतलेला पैसा कुणाचा?

या साऱ्या प्रकरणात खरी कसोटी येथे लागते. मंडळाचे पैसे बहुधा महिन्याच्या आरंभी येतात आणि माल पंधरवड्याने जातो. त्या पंधरा दिवसांत १२,००० रुपये विक्रेतीच्या हाती असतात. नेमक्या त्याच वेळी घरात गरज उभी राहते. पतीच्या दुकानाचा धनादेश वटायचा असतो आणि खात्यात आठ हजार कमी असतात. मुलाच्या क्लासची फी भरायची शेवटची तारीख असते. कपाटात पैसे दिसत असतात, दोन दिवसांत परत ठेवू असे प्रत्येकाला मनापासून वाटत असते. घरगुती व्यवसाय बुडतात ते बहुधा अशा मनापासून वाटण्यामुळेच. दोन दिवसांचे दहा दिवस होतात, पीठ-तेल उधारीवर येते, माल उशिरा जातो, आणि देरासरच्या ओट्यावर कुणीतरी सहज विचारते, “भाभी, या महिन्याचे काय झाले?” त्या एका प्रश्नाची किंमत आठ हजारांहून पुष्कळ अधिक असते.

हिशेबशास्त्राचा नियम स्पष्ट आहे. माल दिल्याशिवाय आलेली रक्कम उत्पन्न ठरत नाही. ती देणे ठरते. ताळेबंदात ती जबाबदारीच्या बाजूला दाखवावी लागते. जुन्या लाल वहीत मुनीमजी अशी रक्कम गिऱ्हाइकाच्या नावे जमा करीत, ती याच अर्थाने. ती घरात असली तरी घराची नसते.

म्हणून मंडळासाठी स्वतंत्र बचत खाते असावे आणि ग्राहकांना दिलेला क्यूआर कोड त्याच खात्याशी जोडलेला असावा. रोख कुणी दिली तर ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्या खात्यात भरावी. माल पोहोचला, पोच मिळाली, की मगच आपली कमाई घरच्या खात्यात वळवावी. घरातील पुरुष मंडळींनाही हा नियम आरंभीच सांगून ठेवावा. पत्नीच्या मंडळाची रक्कम पेढीच्या अडचणीला वापरायची नाही, हे कर्त्या पुरुषाने एकदा सर्वांसमोर म्हटले की पुढचे अनेक मोह आपोआप टळतात.

न वापरलेली रक्कम पुढे ओढत नेण्याची सवय लावू नये. एखादी सदस्य गावी गेली, तिने पैसे दिले पण माल घेतला नाही, तर पुढील महिन्यात दुप्पट माल द्यावा किंवा रक्कम परत करावी. सराफांच्या अकरा हप्त्यांच्या सुवर्णयोजना अनेकांनी पाहिल्या आहेत. त्या वर्षाच्या आत का संपतात, याचे एक मोठे कारण २०१४ च्या कंपनी ठेव नियमांत आहे. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर कंपनीच्या बाबतीत ती ठेव मानली जाऊ शकते. हे नियम कंपन्यांना लागू आहेत, घरगुती विक्रेतीला नाहीत. पण शिस्त म्हणून त्यांतील तत्त्व घेण्यासारखे आहे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानेही, खऱ्याखुऱ्या व्यापारासाठी घेतलेली आणि माल न दिल्यास परत करावयाची आगाऊ रक्कम ठेवीच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. मात्र ‘आता दहा हजार द्या, वर्षाने बारा हजारांचे करून देते’ असे वाक्य तोंडून गेले की व्यवहाराचा रंग बदलतो. असे वाक्य कधीही उच्चारू नये.

कंपनीचा माल विकणाऱ्यांसाठी

काही भगिनी स्वतः माल बनवत नाहीत. थेट विक्री कंपन्यांची प्रसाधने, पूरक आहार किंवा भांडी विकतात. त्यांच्यासाठी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ लागू आहेत. २८ डिसेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या या नियमांनी पिरॅमिड योजना आणि पैसा फिरवण्याच्या योजना यांना स्पष्ट मनाई केली आहे. विक्रेत्याने कंपनीशी लेखी करार केलेला असावा, ओळखपत्र बाळगावे, पूर्वसूचनेशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये आणि मालाची खरी माहिती द्यावी, अशा अपेक्षा त्यांत आहेत. घरोघरी ओळखीनेच वावरणाऱ्या बायकांना हे औपचारिक वाटेल. पण ओळखीच्या माणसालाही नकार देण्याची सवड मिळावी, हा त्यामागील हेतू शहाणपणाचा आहे. शेजारीण दारात उभी असताना नाही म्हणणे फार कठीण जाते.

ग्राहक-मंडळ आणि साखळी योजना यांतील भेद ओळखण्यासाठी एक प्रश्न पुरेसा आहे. उद्यापासून एकही नवी सदस्य आली नाही, तर हे चालेल काय? चालत असेल तर तो व्यापार. नव्या सदस्यांच्या पैशावर जुन्यांना लाभ मिळत असेल तर ते मंडळ नव्हे, आणि त्यात पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्याच मावश्या, नणंदा आणि साधर्मिक भगिनी शेवटी फसतात. नवी मैत्रीण आणणाऱ्या सदस्येला मुखवासाचा एक डबा देणे वेगळे. तिच्या खरेदीवर कायमचा हिस्सा देऊ करणे वेगळे.

महिना आणि मर्यादा

जैन घरांत चालणाऱ्या मंडळाला पंचांगाकडेही पाहावे लागते. तयार खाद्यपदार्थांसाठी अनेक कुटुंबे परंपरेने काळमर्यादा पाळतात. पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० दिवस, हिवाळ्यात ३० दिवस. ज्या घरात ही मर्यादा आहे, त्या घराला चातुर्मासात महिन्याभराचा खाखरा एकदम देणे म्हणजे अर्धा माल वाया घालवण्यास सांगणे. अशा ग्राहकांसाठी पावसाळ्यात महिन्याचा माल दोन हप्त्यांत द्यावा. पोहोचवण्याचा खर्च वाढतो, तो आरंभीच हिशेबात धरावा. अंधेरीच्या दमट हवेत पापड-खाखरा तसाही लवकर सादळतो, त्यामुळे दोन हप्ते इतरांनाही सोयीचेच.

प्रत्येक पुड्यावर तयार केल्याचा दिनांक, घटक, वजन, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक असावा. कांदा, लसूण आणि कंदमूळ नसल्याचे लिहिताना आपण विकत आणलेल्या तयार मसाल्यातही ते नाही याची खात्री करून घ्यावी. बाजारी मसाल्यांच्या मिश्रणात लसणाची भुकटी किंवा सुंठीसारख्या ज्या वस्तूंविषयी घरोघरचे नियम निराळे असतात, त्या असू शकतात. ग्राहकाने लेबलवर विश्वास ठेवून पदार्थ ताटात घेतलेला असतो. तेथे झालेली चूक केवळ व्यापारी राहत नाही.

मे महिन्यात निम्मी अंधेरी गावी जाते. म्हणून प्रत्येक सदस्येला वर्षातून एक महिना विश्रांतीचा द्यावा. तो घेतल्यास सलगता मोडली असे मानू नये. पर्युषणात हिरव्या भाज्या वर्ज्य असल्याने कोरड्या वस्तूंची मागणी वाढते, तेव्हा किमान रकमेपलीकडे किती माल हवा, हे पंधरा दिवस आधी विचारून घ्यावे. आयंबिलच्या ओळीत तेल-तूप विरहित वस्तूंची वेगळी यादी करावी. हे सारे लक्षात ठेवणारी विक्रेती मिळाली की ग्राहक सवलतीसाठी नव्हे, सोयीसाठी टिकतो.

वही

शेवटी वहीविषयी. प्रत्येक सदस्येला एक पान द्यावे. आलेली रक्कम, दिलेला माल, तारीख, पाळीचा महिना आणि शिल्लक, एवढे पाच रकाने पुरेत. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी महिन्याअखेरीस ती कागदावर उतरवावी आणि प्रत्येकीला तिच्या पानाचे छायाचित्र पाठवावे. वही अशी असावी की उद्या विक्रेती आजारी पडली, तर सुनेने किंवा मुलीने ती उघडावी आणि कुणाला काय द्यायचे ते दहा मिनिटांत समजावे. अनेक घरगुती व्यवसायांत सारा हिशेब एकाच डोक्यात असतो, आणि ते डोके रुग्णालयात असताना दारात उभ्या असलेल्या ग्राहकाला काय उत्तर द्यावे, हे घरच्यांना कळत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक मापाने व्यवहार करणे, हलका माल चांगल्याच्या नावाने देणे आणि राज्याचा नियम ओलांडणे यांचा समावेश आहे. म्हणजे वजनकाटा, लेबल आणि कायदा या तिन्ही गोष्टी आपल्या परंपरेने दुकानदाराच्या व्रतातच धरल्या. घरातून चालणाऱ्या छोट्या मंडळालाही तेच माप लागू पडते.

वर्ष संपले की मंडळ आपोआप पुढे चालू ठेवू नये. बाराव्या महिन्यात सर्वांना बोलवावे, वही समोर ठेवावी, प्रत्येकीचे येणे-देणे शून्यावर आणावे आणि मगच विचारावे की पुढील वर्षी कोण राहणार. दोघी-तिघी थांबतील, त्यांना आग्रह करू नये आणि त्यांचे कारणही विचारू नये. त्या पुन्हा कधी दिवाळीचा माल घ्यायला त्याच दारात येतील, तेव्हा भाभींना त्यांच्याकडे मोकळ्या मनाने पाहता आले पाहिजे, आणि त्यांनाही भाभींकडे.